एंग्लेरिन-ए: किडनीच्या कॅन्सरवरचा एक वनस्पतिज रेणू आणि त्याची अडलेली वाट

किडनीच्या कॅन्सरवर वनस्पतींतून औषध निघेल का, या प्रश्नाला पन्नास रेणूंची यादी देऊन उत्तर देता येतं. कर्क्युमिन, क्वेर्सेटिन, रेस्व्हेरॅट्रॉल, बर्बेरिन... प्रत्येकापुढे ‘कॅन्सरपेशींची वाढ रोखते’ असं लिहिता येतं आणि ते खोटंही नसतं. पण अशा यादीतून हाती फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा एकाच रेणूचा माग शेवटपर्यंत काढावा. त्यासाठी एंग्लेरिन-ए इतकं बोलकं प्रकरण मला दुसरं दिसत नाही. सुरुवात विलक्षण आशादायक, रसायनशास्त्रज्ञांनी जीव ओतून केलेलं काम, आणि तरीही औषधाच्या बाटलीपर्यंत न पोहोचलेला रेणू. तो का पोहोचला नाही, हे आज बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे.

आधी हा आजार

किडनीचा कॅन्सर म्हणताना मोठ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा रीनल सेल कार्सिनोमाच अभिप्रेत असतो, आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण ‘क्लिअर सेल’ प्रकारचे असतात. गाठ किडनीपुरती असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. अडचण सुरू होते ती आजार पसरल्यावर, कारण नेहमीची केमोथेरपी इथे जवळजवळ लागूच पडत नाही.

याचं एक कारण पेशींच्या मूळ कामात आहे. क्लिअर सेल गाठी किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींपासून होतात. नको असलेली रसायनं बाहेर टाकणं हा त्या पेशींचा जन्मजात उद्योग. त्यासाठी त्यांच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो आणि पेशी कॅन्सरची झाली तरी तो बऱ्याचदा टिकून राहतो. गंमत अशी की वनस्पतींपासून मिळालेली कॅन्सरची दोन नामांकित औषधं, सदाफुलीतलं व्हिनब्लास्टिन आणि यू वृक्षाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल, हा पंप हमखास बाहेर फेकतो. १९९९ मध्ये फिनलंडमधल्या १६० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नुसतं व्हिनब्लास्टिन मिळालेल्या गटात फक्त २.५ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. जोडीला इंटरफेरॉन, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारं औषध, दिल्यावर हे प्रमाण १६.५ टक्क्यांवर गेलं आणि आयुर्मानाचा मध्यांक ३७.८ आठवड्यांवरून ६७.६ आठवड्यांवर आला. श्रेय अर्थातच इंटरफेरॉनचं होतं. म्हणजे वनस्पतिज रेणू माणसांवर नीट तपासला गेला होता, आणि या आजारात तो तोकडा पडला होता.

चित्र पालटलं ते २००५ च्या डिसेंबरमध्ये सोराफेनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा. महिन्याभरात सुनिटिनिब आलं. ही औषधं गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात. त्यांनी आजार लांबवता येऊ लागला, पण पसरलेला कॅन्सर पूर्ण बरा होणं दुर्मीळच राहिलं. एंग्लेरिन पुढे आलं ते याच काळात.

झाड आणि चाचणी

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे, म्हणजे एनसीआयकडे, जगभरातून गोळा केलेल्या वनस्पतींच्या अर्कांचा प्रचंड साठा आहे. हे अर्क साठ निरनिराळ्या मानवी कॅन्सर पेशींच्या संचावर तपासले जातात. त्याला एनसीआय-६० म्हणतात. रक्त, फुप्फुस, मोठं आतडं, मेंदू, त्वचा, अंडाशय, किडनी, प्रोस्टेट आणि स्तन अशा नऊ ठिकाणांच्या कॅन्सरच्या या पेशी. त्यांतल्या आठ सेल लाइन्स, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेले पेशींचे वाण, किडनीच्या. त्या काळच्या पद्धतीत अर्क ४८ तास पेशींबरोबर ठेवायचा आणि वाढ किती रोखली ते मोजायचं.

बहुतेक विषारी अर्क साठही सेल लाइन्सना कमीअधिक प्रमाणात मारतात. पूर्व आफ्रिकेत, टांझानियात वाढणाऱ्या ‘फायलँथस एंग्लेरी’ या झाडाच्या अर्कानं मात्र किडनीच्या पेशी वेचून मारल्या आणि बाकीच्यांना फारसा हात लावला नाही. जॉन ब्यूटलर यांच्या गटानं अर्काचे भाग पाडत, प्रत्येक भाग पेशींवर तपासत, ज्यात परिणाम दिसेल तोच पुढे नेत शेवटी दोन शुद्ध रेणू वेगळे काढले: एंग्लेरिन-ए आणि एंग्लेरिन-बी. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आठपैकी बहुतेक किडनी सेल लाइन्सची वाढ निम्म्यावर आणायला एंग्लेरिन-एची १ ते ८७ नॅनोमोलर एवढीच मात्रा पुरली. १० नॅनोमोलर म्हणजे लिटरभर द्रवात साडेचार मायक्रोग्रॅमच्या आसपास. इतर कॅन्सर पेशींसाठी लागणाऱ्या मात्रेशी तुलना केली तर हा फरक हजारपटीचा होता.

फायलँथस हा आवळ्याचा आणि भुईआवळ्याचाही वंश. त्यावरून घाईनं निष्कर्ष काढणारे भेटतील म्हणून सांगायला हवं: वंश एक असला म्हणून रेणू एक होत नाही. आणि या झाडाची ख्याती काही निव्वळ गुणकारी अशी नाही. लोकवापराच्या नोंदींत त्याचा खोकल्यासाठी आणि पोटदुखीसाठी उपयोग सापडतो, तशीच त्याच्या मुळांचा धूर ओढणं प्राणघातक ठरल्याचीही नोंद सापडते. ही दुसरी नोंद पुढच्या सगळ्या घडामोडींच्या आधीची आहे. तिच्याकडे वेळीच लक्ष गेलं असतं तर काही वेगळं झालं असतं का? बहुधा नाही. कॅन्सरची कित्येक उत्तम औषधं विषारी वनस्पतींतूनच आली आहेत. तरीही मला ती नोंद महत्त्वाची वाटते.

रसायनशास्त्रज्ञांचं सुगीचं वर्ष

रेणू छोटा, पण घडण अवघड. पाच आणि सात कार्बनांची एकमेकांना चिकटलेली कडी, त्यावर आडवा टाकलेला ऑक्सिजनचा पूल आणि दोन बाजूंना दोन एस्टर, म्हणजे आम्लांपासून जोडलेले गट, एक सिनॅमिक आम्लाचं आणि एक ग्लायकोलिक आम्लाचं. ग्लायकोलिक आम्लाचं एस्टर निघालं की उरतं ते एंग्लेरिन-बी, आणि त्याची मारकता कितीतरी कमी असते. ही बाब पुढे फार महागात पडणार होती.

झाडातून मिळणारा माल मोजकाच. म्हणून प्रयोगशाळेत तो बनवण्याची चढाओढ लागली. २००९ मध्येच मथियास क्रिस्टमान यांच्या गटानं पहिलं संपूर्ण संश्लेषण केलं. सुरुवात केली ती नेपेटालॅक्टोनपासून, मांजरांना वेड लावणाऱ्या कॅटनिपमधलं जे रसायन तेच. त्यातून तयार झाली नैसर्गिक रेणूची आरशातली प्रतिमा. पण त्यामुळेच झाडातला रेणू नेमका कोणत्या हाताचा, हे पक्कं ठरलं. २०१० मध्ये एचावारेन आणि मा या दोन गटांनी स्वतंत्रपणे, सोन्याचं उत्प्रेरक वापरून, नैसर्गिक रूप बनवलं. २०११ मध्ये आणखी आटोपशीर मार्ग निघाला. निसर्गातल्या दुर्मीळ रेणूंची वाट बहुधा पुरवठ्यापाशी अडते. इथे ती अडचण दोनतीन वर्षांत दूर झाली. प्रकरण अडलं ते भलत्याच ठिकाणी.

पेशी मरते, पण कशानं?

इथे बरीच वर्षं गोंधळ होता. कुणाला पेशी फुटून मरताना दिसल्या, कुणाला त्या शिस्तीत स्वतःचा शेवट करताना दिसल्या. २०१३ मध्ये एका मोठ्या निबंधात प्रोटीन कायनेज सी-थीटा हे पेशीतलं एन्झाइम एंग्लेरिनचं लक्ष्य असल्याचं मांडलं गेलं. ग्लुकोजवर अवलंबून असलेल्या पेशीचा साखरेचा पुरवठा एंग्लेरिन तोडतं आणि त्याच वेळी तिची भूक वाढवतं, असा तो युक्तिवाद. विचार देखणा होता आणि किडनीच्या कॅन्सरला छान बसतही होता, कारण क्लिअर सेल गाठीत व्हीएचएल जनुक बिघडलेलं असतं आणि त्यामुळे पेशी साखरेच्या मागे लागलेली असते.

२०१५ मध्ये दोन गटांनी, एकानं युरोपातल्या विद्यापीठांत आणि दुसऱ्यानं एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात, वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर शोधलं. एंग्लेरिन-ए पेशीच्या आवरणातले टीआरपीसी-४ आणि टीआरपीसी-५ हे चॅनेल उघडतं. हे चॅनेल म्हणजे आयनांसाठीची दारं. ती एरवी गरजेपुरती उघडतात आणि मिटतात. एंग्लेरिन ती दारं सताड उघडी ठेवतं. कॅल्शियम आत येतं, सोडियमही आत येतं. सांध्यांशी संबंधित एका सार्कोमाच्या पेशींवर नंतर झालेल्या कामात तर खरा घात सोडियमनं होतो असं दिसलं: आत शिरलेलं सोडियम उपसून काढताना पेशी हरते.

दुसऱ्या गटाचा प्रयोग मला जास्त शिकवणारा वाटतो. त्यांनी साठ नव्हे, पाचशेहून अधिक कॅन्सर सेल लाइन्सवर एंग्लेरिन-ए टाकलं. त्यात फक्त किडनीच्याच नव्हे, अनेक अवयवांच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. कोण मरेल आणि कोण तगेल, याचा सगळ्यांत चांगला अंदाज अवयवावरून नव्हे तर टीआरपीसी-४ किती आहे यावरून येत होता. मग त्यांनी उलटसुलट पडताळा घेतला. चॅनेल काढून घेतला की पेशी वाचते, नसलेल्या पेशीत घातला की मरते, आणि एमएल-२०४ हा चॅनेल रोखणारा रेणू आधी दिला तर एंग्लेरिनचा परिणाम थांबतो.

आता २००९ च्या हजारपटीकडे पुन्हा बघू. ‘किडनीच्या कॅन्सरवर नेमका वार करणारा रेणू’ ही त्या वेळची ओळख आता वेगळी वाचावी लागते. साठ सेल लाइन्सच्या संचात किडनीच्या ज्या सेल लाइन्स होत्या, त्यांतल्या बऱ्याच टीआरपीसी-४ बाळगणाऱ्या निघाल्या, इतकंच. शिवाय २००७ च्या एका अभ्यासात निरोगी किडनीच्या पेशींच्या तुलनेत किडनीच्या कॅन्सर पेशींत टीआरपीसी-४ कमी झालेलं आढळलं होतं. तेव्हा प्रयोगशाळेतल्या बशीत मरणाऱ्या पेशींवरून रुग्णाच्या गाठीविषयी बोलणं आधीच धाडसाचं होतं.

याहून मूलभूत गोष्ट म्हणजे एनसीआय-६० मध्ये साठही सेल लाइन्स कॅन्सरच्याच आहेत. त्यात एकही निरोगी पेशी नाही. तिथे दिसणारी निवड ही एक कॅन्सर आणि दुसरा कॅन्सर यांच्यातली. गाठ आणि शरीर यांच्यात रेणू निवड करतो का, हा प्रश्न त्या चाचणीत विचारलेलाच नसतो. मूळ निबंधानं तसा दावा केलाही नव्हता. पुढे सारांशांतून, बातम्यांतून ‘निवडक’ हा शब्द फिरत राहिला आणि वाचणाऱ्यानं त्याचा अर्थ ‘शरीराला सुरक्षित’ असा लावला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली निसरडी जागा हीच.

उंदरांनी दिलेलं उत्तर

टीआरपीसी-४ आणि टीआरपीसी-५ कुठे कुठे असतात? मेंदूत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, आतड्याच्या स्नायूंत. म्हणजे ज्या दारातून गाठीवर हल्ला करायचा, तीच दारं शरीरात इतरत्र जिवंत आणि कामात असलेल्या पेशींनाही आहेत.

पाचशे सेल लाइन्स तपासणाऱ्या त्याच गटानं रेणू उंदीरवर्गीय प्राण्यांना दिला. चॅनेल उघडण्यासाठी रक्तात जेवढी मात्रा हवी, तिच्या जवळपासच्या मात्रेलाच प्राणी मेले. उपयोगाची मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात जागाच उरली नाही. त्यांनी स्वच्छ लिहिलं की हा रेणू आहे तसा औषध म्हणून पुढे नेण्याजोगा दिसत नाही. २०१८ मध्ये उंदरांवरच्या आणखी एका कामात हा त्रासही टीआरपीसी-४ आणि ५ मार्फतच होतो असं दिसलं. इथे विषारीपणा हा औषधाचा बाजूचा परिणाम नाही. गुण आणि दोष एकाच मुळातून येतात. बाजूचा परिणाम असता तर रेणूत थोडा फेरफार करून तो छाटता आला असता.

दुसरी अडचण त्या ग्लायकोलिक एस्टरची. पोटातल्या आम्लात ते तुटतं आणि उरतं निष्प्रभ एंग्लेरिन-बी. म्हणजे तोंडावाटे दिलं तर पोहोचत नाही आणि टोचून दिलं तर जीव घेतं. झाडाची फळं वा पानं खाणाऱ्याला काहीच न होता मुळांचा धूर ओढणाऱ्याला बाधावं, यात हा फरकही असू शकेल. पण हा माझा निव्वळ अंदाज आहे.

सुप्त रूपाचा मार्ग

मग विषारी रेणू झाकून गाठीपर्यंत न्यायचा आणि तिथेच उघडायचा, हा विचार साहजिक होता. त्याचं जवळचं उदाहरण थाप्सिगार्गिनचं. भूमध्य सागराच्या आसपास वाढणाऱ्या ‘थाप्सिया गार्गानिका’तला हा रेणू पेशीतला कॅल्शियमचा पंप बंद पाडतो आणि जवळजवळ कुठलीही पेशी मारतो. त्याला अमिनो आम्लांची शेपटी जोडून मिप्सागार्गिन बनवलं गेलं. ही शेपटी पीएसएमए नावाच्या एन्झाइमनं कापली की विष मोकळं होतं. पीएसएमए प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर असतं आणि किडनीसह अनेक गाठींच्या नव्या रक्तवाहिन्यांवरही असतं. माणसांवर चाचण्या झाल्या, पण औषधाला मान्यता काही मिळाली नाही. आणि अडचण पुन्हा ओळखीची: पीएसएमए निरोगी किडनीच्या नलिकांतही असतं. एंग्लेरिनसाठी अशी शेपटी जोडायची तर ती कापणारं, फक्त गाठीतच सापडणारं एन्झाइम हवं, आणि किडनीच्या कॅन्सरमध्ये तसं स्वच्छ लक्ष्य मिळवणंच कठीण आहे.

रुग्ण विचारतो तेव्हा

हे सगळं वाचून कुणी विचारेल: बरं, पण आज किडनीचा कॅन्सर झालेल्यानं कोणता वनस्पतिज अर्क घ्यावा? माणसांवरच्या चाचण्यांत या आजारात गुण सिद्ध झालेला, उपचार म्हणून मान्य असा एकही अर्क आज नाही. कर्क्युमिनसारख्या रेणूंचं तर रक्तात पोहोचण्यापाशीच अडतं. बशीत पेशी मारणारी मात्रा शरीरात गाठता येत नाही.

उलट बाजू मात्र भक्कमपणे सिद्ध आहे. सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, अॅक्सिटिनिब ही किडनीच्या कॅन्सरवरची औषधं यकृतातल्या सीवायपी-३ए४ एन्झाइमवर अवलंबून असतात. सेंट जॉन्स वर्ट हे एन्झाइम वाढवतं, म्हणजे औषध लवकर संपतं. ग्रेपफ्रूटचा रस ते रोखतो, म्हणजे औषध रक्तात साचतं. रुग्ण काय काय घेतो आहे हे कॅन्सरतज्ज्ञाला कळायलाच हवं, आणि डॉक्टरांनीही रागावून नव्हे तर नेमकं विचारायला हवं. रागावलं की लोक सांगणं बंद करतात.

अॅरिस्टोलोकिया वर्गातल्या वनस्पतींची गोष्ट याहून गंभीर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत तिचा अर्क मिसळला गेला आणि शंभराहून अधिक जणींच्या किडन्यांना गंभीर इजा झाली. त्यांतल्या ज्या ३९ जणांच्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या पुढे काढून तपासल्या, त्यांतल्या १८ जणांत मूत्रमार्गाच्या अस्तराचा कॅन्सर सापडला. अॅरिस्टोलोकिक आम्ल डीएनएवर इतका ठळक ठसा सोडतं की रोमानियातल्या रुग्णांच्या किडनी-गाठींतही तो नंतर ओळखता आला. वनस्पतिज रेणू आणि किडनीचा कॅन्सर यांचं माणसांतलं सर्वांत पक्कं सिद्ध झालेलं नातं कोणतं, असं विचारलं तर उत्तर हे आहे, आणि ते कॅन्सर घडवण्याचं आहे.

आज एंग्लेरिन कुठे आहे

एंग्लेरिन-ए आज संशोधनासाठी लागणाऱ्या रसायनांच्या यादीत मिळतं. टीआरपीसी-४ आणि ५ उघडायचं असेल तर याच्याइतकं कमी मात्रेत काम करणारं साधन क्वचितच सापडतं. हे चॅनेल शरीरात नेमकं काय करतात, कुठल्या पेशीत ते जोडीनं बसतात, हे त्याच्यामुळे तपासणं सोपं झालं. त्याच्या जोडीला २०१७ मध्ये पिको-१४५ हा अत्यल्प मात्रेत चॅनेल बंद करणारा रेणू आला, आणि आता एकानं उघडून दुसऱ्यानं मिटून पाहता येतं.

औषधाच्या दिशेनं जी हालचाल झाली ती मात्र उघडण्याची नव्हे, मिटण्याची आहे. टीआरपीसी-५ रोखणारे रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले. त्यांतला एक तपासला गेला तो किडनीच्या गाळणीवर चट्टे पडणाऱ्या आजारात, आणि दुसरा नैराश्यासारख्या मानसिक आजारांत.